पुढची जोड

सोमवारी आमच्या कंपनीत आज भाजी कोणती हे कळायच्या आधी काल कोण पडला हे कळायचं. वागळे इस्टेटमध्ये आमचा विजेच्या पंख्यांचा कारखाना होता. कॅंटीनच्या दाराशेजारी एक काळा फळा होता आणि तो लावला होता जेवणाचे पदार्थ लिहायला. पण पॅकिंग खात्याचे सुपरवायझर बाळाराम तरे सोमवारी सगळ्यांच्या आधी येत, खिशातून तपकिरीची डबी काढत, डबीतून खडू काढत आणि ठाणे, कल्याण, भिवंडीकडच्या जत्रांत आदल्या दिवशी झालेल्या कुस्त्यांचे निकाल त्या फळ्यावर लिहीत. कोण विरुद्ध कोण, किती मिनिटं, कोणत्या डावावर, निकाली झाली की बरोबरीत सुटली. सगळ्यात शेवटी एक रेघ आणि तिच्याखाली ‘पुढची जोड’. म्हणजे आता कोणाची कोणाशी कुस्ती लागायला हवी, याबद्दलचं तरेमामांचं मत.

मी डोंबिवलीहून येणारी टायपिस्ट. कुस्तीशी माझा संबंध भीम आणि जरासंधापुरताच. नोकरी लागल्याच्या पहिल्याच महिन्यात मी तरेमामांशी भांडले. त्या रविवारी कुस्त्या इतक्या झाल्या होत्या की निकाल मावेनात, म्हणून मामांनी भाजी पुसून टाकली. मी नेमकी डबा विसरले होते. फळ्यावर वरपासून खालपर्यंत पैलवान.

“हे खायचं कसं?” मी विचारलं.

मामांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. “बाई, भाजी आत गेल्यावर दिसतेच. कुस्ती एकदा झाली की परत दिसत नाय.”

मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. मी टेबलावरची फूटपट्टी आणली, फळ्याच्या बरोबर मध्ये आडवी रेघ मारली आणि म्हटलं, “वरचं कॅंटीनचं, खालचं तुमचं.” मामांनी डोळे बारीक करून रेघ सरळ आहे का ते पाहिलं, आणि मान डोलावली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती रेघ एकदाही ओलांडली नाही. निकाल जास्त झाले की अक्षर बारीक करत. गंमत म्हणजे वरचा अर्धा भाग त्यांनी वाचलाही नाही कधी. पानात वाढलं की मग विचारायचे, “आज काय हाय?”

मामा कोपरीचे. जातीचे कोळी, भाऊबंद अजून खाडीत होड्या घालत. बुटके, रुंद, आणि कान चुरगळल्यासारखे, मातीत रगडून रगडून झालेले. स्वतः फार मोठे पैलवान कधी नव्हतो, हे ते आपणहून सांगत. त्यांचं नाव होतं ते पंच म्हणून आणि जोड लावणारा म्हणून. जत्रेतल्या मैदानात दोन पैलवान समोरासमोर उभे करायचे, त्यांचं वजन, वय, उमेद नजरेनं तोलायची आणि मग एकाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे काम मोठं जोखमीचं. जोड विजोड झाली तर कुस्ती मिनिटात संपते आणि लोक आयोजकांना शिव्या घालतात. मामांनी लावलेली जोड अशी वाया जात नसे. “निकाल देव देल, जोड मानसानी लावाची,” असं ते म्हणत, आणि हे म्हणताना समोरच्याचं मनगट दाबून पाहत.

ही खोड कंपनीतही चालायची. कोणी नवीन माणूस आला, त्यानं हात पुढे केला, की मामा आधी मनगट धरणार. मग दुपारी जेवताना हळूच सांगणार की नवा इंजिनियर आणि खरेदी खात्यातला जुना हेडक्लार्क, ही काटाजोड होणार, वर्षभर निकाल लागायचा नाही. तसंच व्हायचं. युनियनचे सेक्रेटरी आणि आमचे मॅनेजर यांच्याबद्दल म्हणाले होते, “ही जोड लावू नका. दोघं एकमेकांना नुसते धरून उभे राहतील.” माझ्याबद्दल मी विचारलं तेव्हा बराच विचार केला आणि म्हणाले, “तुमची जोड कोनाशी लावाची ते मना अजून समजला नाय.” मी घरी जाऊन हे मिस्टरांना सांगितलं. त्यांना लगेच समजलं होतं.

फळ्यावरचे निकाल दर सोमवारी बदलत. पुढच्या जोडीही बदलत. पण सगळ्यात खालची एक ओळ कधीच बदलत नसे. ‘भोईर – पास्कल.’ पुसली गेली की मामा ती पहिल्यांदा लिहून काढत, मग बाकीचं. दोन वर्षं मी ती नुसती वाचत होते. पास्कल म्हणजे आमच्या प्रेस शॉपमधलाच, डोंगराच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीतला, घरची भातशेती असलेला, दारातून आत येताना खांदा तिरका करणारा धिप्पाड माणूस. एकदा तो पगाराच्या कुठल्याशा अर्जासाठी माझ्या टेबलाशी आला तेव्हा मी विचारलं, “काय रे पास्कल, हा भोईर कोण? आणि तुमची कुस्ती लागत का नाही?”

“लागलेली एकदा,” पास्कल म्हणाला. “मी पडलो असं मामांनी दिलं. मी नव्हतो पडलो.”

कल्याणच्या खाडीपलीकडच्या एका गावच्या जत्रेत ती कुस्ती झाली होती. भोईर त्याच गावचा, आगरी, पास्कलहून दोन वर्षांनी लहान. दिवसातली शेवटची कुस्ती, पंच तरेमामा. भोईरनं ढाकेचा डाव लावून पास्कलला खाली घेतलं. पास्कल मान आणि टाचांवर उचलून धरून होता, पाठ अधांतरी. लोक ओरडले, मामांनी भोईरचा हात वर केला आणि गाव फडात घुसलं. सोमवारी फळ्यावर आलं, ‘भोईर विरुद्ध पास्कल, भोईर चीतपट विजयी.’ पास्कल डबा हातात घेऊन फळ्यापुढे उभा राहिला आणि मामांना एवढंच म्हणाला, “मामा, खांदा टेकला नव्हता.” मामा खडू डबीत ठेवून पॅकिंगला गेले. पुढच्या सोमवारी रेघेखाली ‘भोईर – पास्कल’ ही ओळ आली, आणि तिथंच राहिली.

“मग निकाल बदलायचा ना,” मी म्हटलं.

“फडात दिलेला निकाल फिरत नाही, बाई. तसा रिवाजच नाही. आज एक फिरवला तर उद्या प्रत्येक पडलेला येऊन उभा राहील. त्याला एकच इलाज, परत जोड लावायची.” तो अर्जाच्या कागदाची घडी करत राहिला. मग म्हणाला, “मना त्याचं काय नाय. पण आमचे बाबा पण पैलवान होते. ते त्या दिवशी मागे उभे होते, त्यांना दिसलं नाही. घरी विचारलं, टेकला का. मी म्हटलं, नाय. तर म्हणाले, पंच तरे होता ना? मग टेकला असणार.”

हे त्यानं मामांना कधी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून सोमवारी माझी नजर आधी खालच्या ओळीकडे जायला लागली आणि मग भाजीकडे.

मामा ती जोड लावायला दरवर्षी जत्रेच्या आधी भोईरकडे जात. पहिल्या वर्षी भोईर म्हणाला, एकदा पाडलेल्याशी परत कशाला लढू, यात माझा काय मान? हे बरोबरच होतं. दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न होतं. तिसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला. मामा निरोप घेऊन गेले आणि तेल चोळून देऊन परत आले. एका वर्षी पास्कललाच कावीळ झाली. मामा परत आले की कधी चिडलेले दिसत नसत. डबीतून खडू काढायचा, ओळ लिहायची, हात झटकायचे.

मग कंपनीत टाळेबंदी झाली. फाटकावर व्यवस्थापनाची नोटीस चिकटवलेली, आणि आम्ही सगळे बाहेर. मी दोन आठवड्यांनी चौकशीला गेले तर नोटिशीशेजारी कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं रविवारचे निकाल लिहिलेले. खाली रेघ, आणि रेघेखाली ‘भोईर – पास्कल’. नोकरी राहते की जाते याची कोणालाच खात्री नव्हती आणि या माणसाला जोडीची पडली होती. मला तेव्हा त्यांचा रागच आला. पण परत जाताना बरं वाटलं होतं, हेही खरं. पास्कल पुढे सांगत होता की टाळेबंदीत त्यानं एकदाही जोर चुकवले नाहीत. भिंतीवर नाव आहे तोवर सोडता येत नाही, म्हणाला.

कंपनी पुन्हा सुरू झाली तेव्हा स्टोअर्समध्ये सावंत नावाचा मुलगा लागला. डोंबिवलीत तेव्हा गल्लोगल्ली कराटेचे क्लास निघाले होते, त्यांतल्या एकातला हा काळ्या पट्ट्याचा. त्यानं जेवताना जाहीर केलं की पैलवान हा नुसता मांसाचा गठ्ठा, एका लाथेत आडवा होतो. झालं. सगळं कॅंटीन पास्कलकडे बघायला लागलं आणि पास्कल ताटाकडे.

“ही जोड होत नाय,” मामा म्हणाले. “दोघं आपापल्या नियमानं जिंकतील, मंग पंचानी काय बगाचा?” पण लोक ऐकेनात. तेव्हा मामांनी तीन सोमवार लावून नियम तयार केले आणि फळ्यावर लिहिले. लाथ छातीच्या वर नाही. धरलं तर खाली नेईपर्यंत सोडायचं नाही. खाली गेल्यावर मारायचं नाही. जो दोनदा खाली बसेल तो हरला. पॅकिंगच्या मागच्या अंगणात लाकडाचा भुसा पसरला आणि जेवणाच्या सुट्टीत लढत झाली. सावंतची पहिली लाथ पास्कलनं काखेत धरली आणि त्याला अलगद भुशात बसवलं, मूल पाटावर बसवावं तसं. दुसरी लाथ बरगडीत बसली आणि पास्कल मटकन खाली. तिसऱ्यांदा दोघं एकदमच पडले.

मी खिडकीतून बघत होते. माझं लक्ष गेलं ते मामांकडे. पंच उभा असतो अशी माझी समजूत. मामा दोन्ही गुडघ्यांवर, हात जमिनीला, मान खाली घालून, इतके जवळ की सावंतची लाथ त्यांच्याच कानाला लागायची. “मामा, मागे व्हा,” लोक ओरडत होते. ते हलले नाहीत. शेवटी उठले, भुसा झटकला आणि म्हणाले, “सुटली. पुढची जोड नाय.” मी पास्कलला नंतर विचारलं, हे असे लोळतात का? तर म्हणाला, “आधी नाही लोळायचे. माझ्या कुस्तीनंतर सुरू झालं.”

याचा अर्थ मला कळला तो मामांच्या शेवटच्या वर्षी. मे अखेरीस ते निवृत्त होणार होते आणि जत्रा त्याच्या महिनाभर आधी होती. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“बाई, एक पत्र टाइप कराचा हाय. भोईरला.”

“सात वर्षं तोंडी सांगताय, आता पत्र कशाला?”

“तोंडी बोलताना एक वाक्य दर वेली घशात राहते.”

मी कागद चढवला. ते खिडकीबाहेर बघत सांगत गेले. मागच्या कुस्तीत मी तुला चीतपट दिली. शेवटचा डाव मी बघितला नव्हता. डोळ्यात माती गेली होती, मी डोळे पुसत होतो. लोक ओरडले म्हणून मी तुझा हात वर केला.

माझी बोटं थांबली. सवयीनं मी म्हणाले, “मामा, ‘निर्णयाबाबत काही शंका संभवते’ असं लिहू या का? जरा सौम्य वाटेल.”

“शंका नाय, बाई. मी बगितला नाय.”

मी जसंच्या तसं टाइप केलं. पण मला राहवेना. “मग इतकी वर्षं गप्प का बसलात?” मी जरा जोरातच विचारलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी वर बघितलं.

मामा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. एरवी ते ऑफिसात कधी बसत नसत. “पंच एकदा बोलला ना, मी बगितला नाय, की त्याच्या मागच्या सगल्या निकालांवर लोक बोट ठेवतान. माझी वीस-बावीस वर्सं हायत त्यात. मना वाटला, जोड परत लागेल, पास्कल पाडेल त्याला, आनी मना बोलावा लागनार नाय.” मग सही केली. एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून हा माणूस सात वर्षं चालत होता. मला त्यांची कीव आली आणि आदरही वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आठवड्यानं भोईर स्वतः कंपनीच्या फाटकावर आला. हातात पत्र. मामांनी मलाही बोलावलं, टाइप मी केलं होतं म्हणून असेल. भोईर दिसायला रागीट, पण बोलला शांतपणे.

“या कागदाचा मी काय करू? गावात कोन वाचनार? फडात बोला, माइकवर. मंग येतू मी.” मग म्हणाला, “सात वर्सं लोक मना पास्कलला पाडनारा म्हनतान. माझा तोंड त्याच्या मानेत होता. खांदा टेकला का नाय, मनाबी माहीत नाय. तुमाला माहीत असेल म्हनून गप होतू.”

मामा म्हणाले, “बोलतू.”

जत्रेला मी मिस्टरांना ओढून नेलं. भात कापून गेलेलं शेत, मधोमध भुसभुशीत केलेली माती, आणि बायका बांधावर. हलगी इतकी जवळ वाजत होती की पोटात धडधडत होतं. पास्कलचे वडील आले होते, फार म्हातारे, त्यांना पुढे खुर्ची दिली होती. लहान कुस्त्या उरकल्या आणि मामा माइकशी गेले. मला वाटलं होतं, आवाज कापेल. नाही कापला. निकाल वाचून दाखवावा तसं त्यांनी सांगितलं. कोणाची कुस्ती, कोणतं वर्ष, डोळ्यात माती, लोक ओरडले, मी हात वर केला. “मी बगितला नव्हता. ती चूक माझी. आज ही जोड परत लागते. आजपासून मी पंच नाय.” आणि ते फडाच्या कडेला जायला निघाले.

पास्कलच्या वडिलांनी पास्कलला हातानं जवळ बोलावलं, त्यानं मान खाली केली, आणि म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला आणि त्यांना बघून मीही.

भोईरच्या गावानं दुसरा पंच आणला होता. तो आत उतरला तर भोईरनं त्याला हात केला. “तुमी बसा.” मग कडेला उभ्या मामांकडे बघून म्हणाला, “पंच तोच. चुकलू म्हनाला ना, आता तो डोला नाय मिटनार.” पास्कलनं मान डोलावली. मामा परत मातीत आले.

कुस्ती पुष्कळ वेळ चालली. पास्कलच्या कानामागे केस पिकलेले बांधावरून दिसत होते आणि भोईरचा गुडघा कापडानं बांधलेला. दोनदा पास्कलनं पट काढला, दोनदा भोईर निसटला. मग भोईरनं पुन्हा तीच ढाक लावली. पास्कल खाली गेला आणि मान नि टाचांवर तोलून राहिला, पाठ अधांतरी, सात वर्षांपूर्वी होती तशीच. मामा पोटावर पालथे पडले. गाल मातीला लावला आणि पास्कलच्या खांद्याखालच्या फटीत बघत राहिले. लोक ओरडले. मामांचा हात वर गेला नाही. लोक पुन्हा ओरडले, टोप्या उडाल्या, दोघंचौघं आत धावले आणि मामांकडे बघून जागच्या जागी थांबले. हलगीवाल्यानंही हात आखडला. भोईरचा श्वास ऐकू यायला लागला. मी बांधावर मिस्टरांचा दंड धरून पास्कलसाठी देवाला विनवत होते.

मग पास्कलची मान हळूहळू सरकली. मामांनी हात वर केला. “टेकला.”

“हां मामा,” पास्कल खालूनच म्हणाला, “आता टेकला.” आणि तो हसत होता. भोईरनं त्याला उठवलं आणि दोघं मिळून मामांना उठवायला गेले, कारण त्या वयात पालथं पडलं की उठता येत नाही.

मला फार वाईट वाटलं. तो जिंकावा असं मला किती वाटत होतं हे तेव्हा कळलं. परतीच्या वाटेवर मिस्टर म्हणाले, एवढं सगळं करून निकाल तोच. मी त्यांच्याशी घरापर्यंत बोलले नाही.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. मामा फळ्यापुढे होते. चुरगळलेल्या कानात अजून माती. त्यांनी लिहिलं, ‘भोईर विरुद्ध पास्कल, भोईर चीतपट विजयी.’ मग रुमाल ओला करून आणला आणि सगळ्यात खालची ओळ पुसली. मागे पास्कल येऊन उभा राहिला होता. त्यानं निकाल वाचला, मामांच्या पाठीवरून हात फिरवला आणि पाळीला गेला.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी नेमकी रजेवर होते, त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते रजेवर जायच्या आदल्या दिवशी, कॅंटीनच्या दाराशी. ते फळ्यापुढे उभे होते. खडू डबीत, डबी खिशात, हात मागे बांधलेले. मला वाटलं, निकाल पुन्हा वाचताहेत. जवळ गेले तर त्यांची नजर मी फूटपट्टीनं मारलेल्या रेघेच्या वर होती.

“बाई,” ते म्हणाले, “आज वांगी हायत.”